आधी कॉक कुठे आहे ते सांगा

नळ गळायला लागला की मराठी मध्यमवर्गीय घरात ताबडतोब दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "त्यात काय आहे एवढं, वायसर बदलला की झालं." दुसरा म्हणतो, "अहो, उगाच हात नका लावू, त्या प्लंबरला फोन करा." पहिल्या पक्षाचे नेते बहुधा बाबा. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो आणि त्यात १९९० पासूनचे सगळे वायसर, अर्धवट वापरलेली टेफ्लॉन टेप आणि कशाचे ते कुणालाही माहीत नसलेले स्क्रू सुखाने नांदत असतात. आमच्या पिढीने यात तिसरा पक्ष काढला आहे. हा पक्ष आधी यूट्यूब उघडतो.

आता हे काम स्वतः करायचं की प्लंबरला बोलवायचं, हे ठरवायचं कसं? मी आजूबाजूला विचारलं (म्हणजे ऑफिसच्या कँटीनमध्ये, आमचं सगळं संशोधन तिथेच होतं) तर बहुतेक लोक पैशांवर नाहीतर वेळेवर ठरवतात. "पाचशे रुपये वाचतात तर का नाही करायचं?" हा एक हिशोब. दुसरा खास आयटीवाला हिशोब: "माझा पगार भागिले महिन्याचे तास केले तर माझा एक तास प्लंबरच्या तासापेक्षा महाग आहे, म्हणून मी नळाला हात लावणं हा शुद्ध तोटा." ऐकायला झकास वाटतं. पण रविवारी सकाळी अकरा वाजता मला तासाचे पैसे मोजणारा क्लायंट माझ्या तरी पाहण्यात नाही. तो तास एरवी मी लोळण्यातच घालवणार असतो. त्यामुळे हा हिशोब कागदावरच राहतो.

तिसरी कसोटी म्हणजे "मला हे जमेल का?" ही त्यातल्या त्यात बरी वाटते, पण खरं म्हणजे हीच सगळ्यात फसवी. कारण जमतंच. आटे फिरवून एक वस्तू काढायची आणि आटे फिरवून दुसरी बसवायची, यात न जमण्यासारखं काय आहे? व्हिडिओतला माणूस चार मिनिटांत करतो, आपण चाळीस मिनिटांत करू.

माझं मत असं की प्रश्न दोनच विचारावेत, आणि ते कौशल्याबद्दल नसावेत. पहिला प्रश्न: या जागेचं पाणी मी स्वतः, कुणालाही न विचारता, दहा सेकंदांत बंद करू शकतो का? दुसरा प्रश्न: काही चुकलं तर ते मला लगेच, माझ्याच डोळ्यांसमोर दिसेल का? दोन्हींचं उत्तर "हो" असेल तर खुशाल पाना हातात घ्या, तुमच्या हाताला वळण असो वा नसो. एकाचंही उत्तर "नाही" असेल तर प्लंबर, मग तुम्ही कितीही हुशार असा.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. टेस्ट सर्व्हरवर काय वाट्टेल ते करा, बिघडलं तर मागे फिरता येतं. प्रॉडक्शनवर, शुक्रवारी संध्याकाळी, मागे फिरायचा रस्ता माहीत नसताना कुणी हात घालत नाही. निदान घालू नये. :) घरातल्या पाण्याच्या बाबतीत हा मागे फिरायचा रस्ता म्हणजे कॉक.

वॉशबेसिनच्या खाली वाकून बघितलंत तर भिंतीतून बाहेर आलेला एक छोटा चकचकीत तुकडा दिसेल आणि त्यातून वर नळाकडे गेलेली लवचिक नळी. तो अँगल कॉक. तसाच एक फ्लशच्या टाकीला आणि एक हेल्थ फॉसेटला असतो. घरात ही सगळ्यात दुर्लक्षित वस्तू, पण सीमारेषा तीच. अँगल कॉकच्या बाहेरच्या बाजूचं जवळजवळ सगळं आपलं. नळी फुटली? कॉक बंद करा, नळी काढा, दुकानात नेऊन तेवढ्याच लांबीची आणा, लावा. हेल्थ फॉसेट ठिबकतोय? तेच. फ्लशची टाकी सतत वाहते आहे असा संशय आहे? टाकीत थोडा खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. खाली भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचा वायसर गेला. टाकी बाहेर दिसणारी असेल तर तोही आपणच बदलण्यासारखा.

नळाचंही तसंच. जुन्या, चार-पाच वेळा फिरवायच्या नळात रबरी वायसर असतो. आता बहुतेक घरांत पाव वळणात उघडणारे नळ आहेत, त्यात वायसर नसतो. सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात आणि त्यात रेतीचा एखादा कण गेला की ठिबकणं सुरू. तिथे अख्खा आतला भाग, म्हणजे कार्ट्रिज, बदलायचा. तो कंपनीप्रमाणे वेगवेगळा असतो, म्हणून जुना काढून खिशात टाकायचा आणि हार्डवेअरच्या दुकानात त्याच्याशी ताडून नवा घ्यायचा. आता हा नळ भिंतीतून थेट निघालेला असेल, जसा बाथरूममध्ये बादलीच्या वर असतो, तर त्याला स्वतःचा अँगल कॉक नसतो. मग बाथरूमचा किंवा अख्ख्या घराचा कॉक बंद करावा लागतो. तो हाताने नीट बंद होत असेल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजूनही "हो"च आहे.

बेसिनखालची बॉटल ट्रॅप तुंबली असेल तर खाली बादली ठेवून तिचा पेला फिरवून काढा. आत काय सापडेल ते इथे लिहीत नाही, काही लोक नाश्ता करता करता वाचत असतील.

आणि ठिबकण्याकडे दुर्लक्ष करू नका. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. चार थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर साडेएकवीस लिटर होतात, म्हणजे दीड बादली. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येत असताना ती दीड बादली रोज गटारात जाते.

हे झालं भिंतीच्या बाहेरचं. आता भिंतीच्या आतलं.

समजा बारा मजली इमारत आहे, टाकी गच्चीवर आणि तुम्ही दुसऱ्या मजल्यावर. मजल्याला तीन मीटर धरले तर तुमच्या नळावर जवळजवळ तीस मीटर उंचीचं पाणी उभं आहे. दहा मीटरला दर चौरस सेंटिमीटरला एक किलो या शाळेतल्या हिशोबाने तीन किलोचा दाब. मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व बसवलेला नसेल तर अर्ध्या इंची पाइपच्या उघड्या तोंडावर चार-पाच किलोचा जोर असतो. अंगठ्याने तो किती वेळ दाबून धरता येईल, ते ज्याचं त्याने ठरवावं. बरं, कॉक नसेल तर पाणी थांबवायला कुणीतरी गच्चीवर जायला हवं. गच्चीची किल्ली वॉचमनकडे, वॉचमन चहाला. गच्चीवर सात-आठ चाव्या, आपली कोणती ते सांगणारा सेक्रेटरी गावाला. तोवर तुमचा हॉल. दहा चौरस मीटरच्या खोलीत पंधरा लिटरची एक बादली ओतली तर दीड मिलिमीटर पाणी उभं राहतं आणि तेवढं लॅमिनेटच्या फळ्या फुगवायला पुरतं.

म्हणून जुन्या इमारतीत, जिथे भिंतीत लोखंडी जीआय पाइप आहेत, तिथे नळ बदलायचं साधं कामसुद्धा मी प्लंबरकडे देईन. नळ गंजून आट्यांमध्ये बसलेला असतो. तुम्ही पान्याने जोर लावता, नळ फिरतो, तुम्हाला आनंद होतो. पण नळाबरोबर भिंतीतला एल्बोही फिरलेला असू शकतो किंवा तुकडा आतच मोडू शकतो. मग टाइल फोडणं आलं. अनुभवी प्लंबर जोर लावण्याआधी पाहतो, दुसऱ्या पान्याने मागची बाजू धरतो, आणि मोडलाच तर आत अडकलेला तुकडा काढायचं हत्यार त्याच्या पिशवीत असतं. आपल्या पिशवीत लॅपटॉप असतो. नव्या इमारतींतले सीपीव्हीसीचे पाइप गंजत नाहीत, पण त्यांचे सांधे चिकटवलेले असतात. एकदा चिकटले की उलगडत नाहीत, चुकलं तर कापायचं.

इथेच यूट्यूबची एक गंमत सांगायला हवी. प्लंबिंगचे जे छान, सुटसुटीत व्हिडिओ आपण बघतो त्यातले पुष्कळ अमेरिकेतले. तिथलं घर म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर जिप्समचा बोर्ड. पाइप बघायचा तर बोर्डाचा चौकोन कापायचा, काम झालं की नवा चौकोन बसवून रंग द्यायचा. बरीच घरं स्वतंत्र, त्यामुळे बेसमेंट बुडालं तरी स्वतःचंच बुडतं. घराचा मुख्य व्हॉल्व कुठे आहे हे घरच्या शहाण्या माणसाला माहीत असतं. आणि प्लंबर इतका महाग की माझे तिकडे गेलेले मित्र, ज्यांनी इथे कधी बल्ब बदलला नव्हता, ते आता कमोडसुद्धा बसवतात. मला त्यांचं खरंच कौतुक वाटतं. पण तो सगळा आत्मविश्वास त्या घरातला आहे. आपल्याकडे पाइप विटांच्या भिंतीत, वर प्लास्टर, वर टाइल, आणि टाइलचं ते डिझाइन कंपनीने कधीच बंद केलेलं. आणि मुख्य म्हणजे आपली फरशी हे दुसऱ्याचं छत असतं.

माझा दुसरा प्रश्न यासाठीच आहे. अँगल कॉकची नळी सैल बसली तर दोन मिनिटांत फरशीवर पाणी दिसतं, आपण ती घट्ट करतो, विषय संपला. भिंतीतला सांधा जेमतेम पाझरत असेल तर आपल्या घरात काहीच दिसत नाही. चार महिन्यांनी खालच्या घरातल्या काकूंच्या बेडरूमच्या छतावर पिवळा डाग उमटतो, मग पोपडे, मग सळ्यांना गंज. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर "वरच्या मजल्यावरील सभासदांनी कृपया लक्ष द्यावे", आणि लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघणं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, पण संडास, सिंक वगैरेंमधून फ्लॅटच्या आत होणारी गळती ज्याच्या त्याच्या खर्चाने. म्हणजे रविवारी वाचवलेले पाचशे रुपये दिवाळीपर्यंत दुसऱ्याच्या छताच्या रंगकामात गेलेले असतात आणि शेजार गेला तो वेगळाच.

(भाड्याने राहणाऱ्यांसाठी: भिंत तुमची नाही. आधी घरमालकाला फोटो पाठवा, त्याचं उत्तर येईपर्यंत कॉक बंद ठेवा.)

म्हणजे डाग पडला की आपण हात जोडून बसायचं असं नाही. शोध घेणं हे आपलं काम, आणि त्यात आयटीवाल्यांनी कमी पडू नये. बग सापडला की आपण पहिल्यांदा काय विचारतो? कधी होतो? डागालाही तेच विचारा. कुणी घरात नसताना, गावाला गेलेले असतानाही डाग ओलाच राहतो का? मग संशय दाबाच्या पाइपवर, कारण त्यात पाणी चोवीस तास उभं असतं. अंघोळी झाल्यावरच वाढतो का? मग सांडपाण्याचा पाइप, नाहणी ट्रॅप किंवा टाइल्सच्या फटी. जूनमध्ये येतो आणि नोव्हेंबरात वाळतो? मग बाहेरची भिंत, आणि तिथे प्लंबरचं काही काम नाही. आठवडाभर अशा तारखा लिहून ठेवल्यात तर येणाऱ्या माणसाला कुठे फोडायचं आणि कुठे नाही हे कळतं. भिंतीतल्या पाइपात पंपाने दाब भरून तो उतरतो का हे बघायची सोय असते. दोन टाइल फोडण्याआधी ती चाचणी करून घ्या, त्यासाठी वेगळे पैसे पडले तरी.

पैशांवरून आठवलं. प्लंबर आला, त्याने बघितलं, एक चाकी फिरवली, दहा मिनिटांत काम संपलं. "तीनशे झाले." आणि आपण म्हणतो, "दहा मिनिटांचे तीनशे?" हे वाक्य सॉफ्टवेअरवाल्याच्या तोंडी तर अजिबात शोभत नाही. एका ओळीचा बदल करून दिवसभराचं बिल लावणारे आपणच. प्रॉडक्शन बंद पडल्यावर कोणती ओळ बदलायची हे ज्याला कळतं त्याला आपल्याकडे सीनियर म्हणतात आणि त्याची पगारवाढ त्याच गोष्टीची असते. त्या तीनशेंत त्याचं येणं-जाणं, हार्डवेअरच्या दुकानातली फेरी आणि ज्या घरांत कुणी दारच उघडलं नाही त्या फेऱ्याही आहेत.

शहरात येणारा प्लंबर पुष्कळदा ओडिशाचा असतो, हे तुमच्या लक्षात आलंय का? केंद्रपाडा जिल्ह्यातलं पट्टामुंडाई हे त्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या याच कामासाठी मोठमोठ्या शहरांत आणि थेट आखातापर्यंत जातात. प्लंबिंग शिकवणारी एक सरकारी संस्थाही तिथे आहे. जसं आपल्याकडे एका गल्लीतून चार जण बे एरियात जातात आणि मग पुढच्या आठ जणांना रेफरल देतात, तसंच. फरक एवढाच की त्यांच्या ऑनसाइटचं कुणी पेढे वाटून कौतुक करत नाही.

घासाघीस करायची तर काम सुरू होण्याआधी करा. सामान कोण आणणार, बिल दाखवणार का, पुन्हा गळलं तर फुकट येणार का, हे आधी बोलून घ्या. काम झाल्यावर पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्याच्या घरी पुढच्या वेळी प्लंबर "येतो येतो" म्हणतो आणि येत नाही. ॲपवरून बोलावलं तर दर ठरलेले असतात हे खरं, पण दर वेळी नवा माणूस येतो. तुमच्या बाथरूमची गेली पाच वर्षं ज्याला तोंडपाठ आहेत असा एक माणूस फोनमध्ये असणं ही वेगळी चैन आहे.

काही कामं मात्र अशी आहेत की तिथे ती करताना पाणी बंद करता येतं का, हा प्रश्नच गैरलागू आहे. गॅसचा गीझर हे पहिलं. तो बसवणं किंवा हलवणं हे यूट्यूबचं काम नाही आणि नेहमीच्या प्लंबरचंही नाही, कंपनीच्या प्रशिक्षित माणसाचं आहे. आणि त्यानेसुद्धा तो बंद बाथरूमच्या आत लावून दिला तर लावू देऊ नका. हवा पुरेशी नसली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. अंघोळीला गेलेलं माणूस बाहेर आलं नाही म्हणून दार फोडावं लागलं, अशा बातम्या आपण वाचलेल्या आहेत. विजेच्या गीझरवरचा सेफ्टी व्हॉल्व ठिबकतो म्हणून तो बंद करून टाकणारे महाभागही असतात. त्यांच्या शेजारी फ्लॅट घेऊ नये.

दुसरं, तुंबलेल्या मोरीत टाकायची पावडर. त्यात बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो. ती टाकूनही उघडलं नाही तर वरून ॲसिड ओतू नका. आणि प्लंबर आला की "भैया, यात पावडर टाकली आहे" हे पहिलं वाक्य बोला. त्याचा हात कोपरापर्यंत त्या पाण्यात जाणार आहे.

आणि तिसरं म्हणजे सोसायटीचं चेंबर किंवा सेप्टिक टँक. पावसाळ्यात तुंबलं की कमिटीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, "एक माणूस आहे, हजार घेतो आणि आत उतरतो." इथे स्वतः करायचं की माणूस बोलवायचा हा पर्यायच नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरीही आतल्या वायूने माणसं मरतातच. एक गुदमरला म्हणून दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. आणि उतरणारा कोणत्या जातीतला असतो हे आपल्याला न विचारताही माहीत असतं, म्हणून आपण विचारत नाही. व्हॅक्यूमची गाडी मिळते. तिला दोन दिवस थांबावं लागलं तर थांबावं, आणि मीटिंगमध्ये "एक माणूस आहे" हे वाक्य आलं की तिथल्या तिथे, आवाज चढवून, नाही म्हणावं. तरुण सभासद मीटिंगला येतच नाहीत ही तक्रार असते ना, तर निदान एवढ्यासाठी यावं.

आता या रविवारी करण्यासारखं काही. घरातले सगळे कॉक एकदा बंद करून बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक जागेवरच धरून बसतो, आणि हे पूर आलेला असताना कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. फिरत नसेल तर पान्याने जोर लावू नका. पुढच्या वेळी प्लंबर कशासाठीही आला की त्याच्याकडून तेवढे बदलून घ्या. बाथरूमचं नवं काम काढलं असेल तर सगळ्यात महत्त्वाचे दहा फोटो काढायचे ते टाइल्स बसण्याआधीच्या संध्याकाळी, जेव्हा भिंत खणलेली असते आणि पाइप उघडे दिसत असतात. भिंतीला मोजपट्टी लावून काढा, फरशीपासूनची उंची वाचता येईल असे. आमच्याकडे डॉक्युमेंटेशन नसलेला जुना कोड वारशाने मिळाला की आम्ही मागच्या माणसाच्या नावाने बोटं मोडतो. घराच्या बाबतीत तो मागचा माणूस बहुतेक वेळा आपणच असतो, आणि टॉवेलचा हुक लावायला ड्रिल मशीन घेऊन आलेला माणूस "इथे मारू ना साहेब?" असं आपल्यालाच विचारत असतो.